छोटी विमाने, खवळलेली हवा आणि नियंत्रित आकाशाची सीमा

खवळलेल्या हवेत सापडलेल्या छोट्या विमानाच्या वैमानिकाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : वेग आणि उंची. मोकळ्या आकाशात वेळ पडली तर उंचीवर पाणी सोडता येते. विमान तीनचारशे फूट वरखाली झाल्याने काही बिघडत नाही. मोठ्या विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हवाई क्षेत्राला खेटून उड्डाण चालू असेल, तर मात्र ही मोकळीक उरत नाही. हवेच्या एका झोताबरोबर विमान परवानगीशिवाय वरच्या क्षेत्रात शिरू शकते. ते टाळण्यासाठी नाक दाबून धरले, तर वेग धोक्याच्या पट्टीकडे सरकतो. हवामान, विमानाची ताकद आणि हवाई कायदा हे तीन विषय येथे एकमेकांत गुंतलेले असतात. अमेरिकेतील डेन्व्हर हे या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकाच ठिकाणी दाखवणारे शहर आहे.

कोलोरॅडो राज्यातील हे शहर रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, उंच मैदानावर वसले आहे. १९९५ साली सुरू झालेला तेथील आंतरराष्ट्रीय विमानतळ समुद्रसपाटीपासून ५,४३४ फुटांवर आहे. शहराच्या पश्चिमेला फ्रंट रेंज ही डोंगररांग उभी असून तिच्यातील लाँग्ज पीक हे शिखर १४,००० फुटांहून उंच आहे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात सेंटेनिअल, रॉकी माउंटन मेट्रोपॉलिटन, बोल्डर असे छोटे विमानतळ आहेत आणि तेथून खाजगी व प्रशिक्षणाच्या विमानांची सतत ये-जा चालते.

आकाशाची मांडणी

अमेरिकेत सर्वांत गजबजलेल्या विमानतळांभोवतीच्या आकाशाला ‘क्लास बी’ म्हणतात. उतरंड उलटी करून ठेवावी तसा त्याचा आकार असतो : विमानतळापाशी ते जमिनीपासून सुरू होते आणि जसजसे दूर जावे तसतसा त्याचा तळ पायरीपायरीने वर चढत जातो. वैमानिक या पायऱ्यांना शेल्फ म्हणतात. डेन्व्हर येथे या क्षेत्राची वरची मर्यादा १२,००० फूट आहे. आत जायचे तर नियंत्रकाने विमानाचा क्रमांक घेऊन तशी स्पष्ट परवानगी द्यावी लागते. नुसते रेडिओवर बोलणे झाले, किंवा रडारवरून वाहतुकीची माहिती मिळत राहिली, म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. शेल्फच्या तळाची उंची नियंत्रित क्षेत्रातच मोजली जाते. तळ ८,००० फुटांवर असेल तर बरोबर ८,००० फुटांवरचे विमानही आत असते.

त्याखालोखाल ‘क्लास सी’ येते. तेथे दुतर्फा रेडिओ संपर्क प्रस्थापित झाला की पुरते. ‘क्लास डी’ हे टॉवर असलेल्या लहान विमानतळांचे क्षेत्र. ते साधारणपणे जमिनीपासून २,५०० फुटांपर्यंत असते. क्लास बीच्या मुख्य विमानतळापासून ३० सागरी मैलांच्या वर्तुळात जवळजवळ प्रत्येक विमानाला उंची कळवणारा ट्रान्सपाँडर चालू ठेवावा लागतो. त्यामुळे सीमेचे उल्लंघन झाले, की ते नियंत्रकाच्या पडद्यावर तिथल्या तिथे दिसते.

छोटे विमान जास्त का हलते

प्रशिक्षणासाठी सर्वाधिक वापरले जाणारे सेस्ना १७२ एस हे विमान पूर्ण भारासह १,१५७ किलोचे असते आणि त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर असते. म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ७१ किलो भार. बोइंग ७३७-८०० मध्ये हाच भार सहाशे किलोंच्या वर जातो. पंखावरचा भार जितका कमी, तितका वाऱ्याच्या त्याच झोताने बसणारा धक्का मोठा. प्रवासी विमानात जो झोत चहाचा कप हलवतो, तोच छोट्या विमानातील माणसाचे डोके छतावर आपटू शकतो.

दुसरी मर्यादा इंजिनाच्या शक्तीची. उन्हाळ्यात डेन्व्हर येथे तापमान ३५ अंशांवर गेले, की हवा इतकी विरळ होते की विमान धावपट्टीवर उभे असतानाच त्याला नऊ हजार फुटांवर असल्यासारखी वागणूक मिळते. समुद्रसपाटीला मिनिटाला सातशे फूट चढणारे विमान तेथे जेमतेम काहीशे फूट चढते. खाली जाणारा हवेचा प्रवाह त्याहून जोरदार असेल, तर पूर्ण शक्ती लावूनही विमान खालीच जात राहते.

खळबळीचे प्रकार

पहिला प्रकार उष्णतेचा. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ वर उठतात आणि त्यांच्या बाजूने थंड हवा खाली येते. ही खळबळ जमिनीपासून क्युम्युलस ढगांच्या तळापर्यंत पोचते. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांतील फरकाच्या प्रत्येक अंशामागे ढगांचा तळ सुमारे ४०० फूट उंच असतो. फरक २५ अंशांचा असेल, तर तळ जमिनीपासून दहा हजार फुटांवर जातो. कोरड्या प्रदेशात उन्हाळी दुपारी छोट्या विमानाला या थराच्या वर जाणे जमतच नाही. शेल्फखालचे आकाश तर पूर्णपणे याच थरात असते. उपाय एकच : सकाळी लवकर उडावे.

दुसरा प्रकार अडथळ्यांचा. इमारती, हँगर, झाडी आणि टेकड्या यांच्यावरून वाहताना वारा फाटतो आणि त्याच्या मागच्या बाजूला भोवरे तयार होतात. याचा त्रास मुख्यतः उड्डाण घेताना आणि उतरताना होतो.

तिसरा प्रकार पर्वतलहरींचा. डेन्व्हरची खरी ओळख हीच. डोंगरमाथ्यावर वीस-पंचवीस नॉट किंवा त्याहून जोराचा वारा रांगेला साधारण काटकोनात वाहत असेल आणि माथ्याजवळची हवा स्थिर असेल, तर रांगेच्या पलीकडे हवेच्या उभ्या लाटा तयार होतात. त्या दूरपर्यंत जातात. लाटेत हवा बऱ्याचदा अगदी गुळगुळीत असते. पण विमान मिनिटाला हजार फुटांपेक्षाही वेगाने वर वा खाली जात राहते. लाटेच्या शिखराखाली, माथ्याच्या उंचीच्या आसपास, ‘रोटर’ हा आडवा भोवरा फिरत असतो. छोट्या विमानासाठी याहून धोकादायक हवा क्वचितच असते. मसुराच्या दाण्यासारखे गुळगुळीत ढग आणि त्यांच्याखाली फाटके, गोल फिरणारे ढग ही या लहरींची खूण. मात्र हवा कोरडी असेल तर एकही ढग न दिसता लहर हजर असते.

११ जानेवारी १९७२ रोजी बोल्डरवर आलेल्या वादळी वाऱ्यात संशोधन विमानांनी ही लहर प्रत्यक्ष मोजली आणि ती नोंद पर्वतलहरींच्या अभ्यासात पायाभूत मानली जाते. ९ डिसेंबर १९९२ रोजी डेन्व्हरच्या पश्चिमेला एका डीसी-८ मालवाहू विमानाचे डावीकडचे बाहेरचे इंजिन आणि पंखाचा काही भाग अशाच हवेत तुटून पडला. विमान सुखरूप उतरले. २० डिसेंबर २००८ रोजी डेन्व्हर विमानतळावर उड्डाणासाठी धावणारे बोइंग ७३७ आडव्या वाऱ्याच्या झोतांनी धावपट्टीबाहेर गेले. टॉवरने वाऱ्याचा वेग २७ नॉट कळवला होता. प्रत्यक्षात विमानाला ४५ नॉटपर्यंतचे झोत लागले. त्या झोतांमागे पर्वतलहरीच होत्या, असे चौकशीत निष्पन्न झाले. सुदैवाने कोणीही दगावले नाही. एवढ्या मोठ्या विमानांची ही गत, तर चार आसनी विमानाने असे दिवस सरळ टाळावेत हे ओघानेच आले.

चौथा प्रकार गडगडाटी ढगांचा आणि त्यांच्यातून कोसळणाऱ्या हवेचा. १९८२ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरच्या जुन्या स्टेपल्टन विमानतळाच्या परिसरात ‘जॉज’ हा संशोधन प्रकल्प राबवला गेला. चार किलोमीटरांपेक्षा लहान व्यासाचे, काही मिनिटेच टिकणारे मायक्रोबर्स्ट त्यात रडारने टिपले गेले. त्यांतील बरेच कोरडे होते. ढगातून पावसाच्या धारा लोंबताना दिसतात, पण त्या जमिनीवर पोचण्याआधीच आटतात. आटताना थंड झालेली जड हवा खाली कोसळते. अशा लोंबत्या धारांखालून मार्ग काढणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

पाचवा प्रकार नियंत्रित क्षेत्राच्या शेजारामुळेच वाट्याला येतो : मोठ्या विमानांचे मागे राहणारे भोवरे. विमान जड, संथ आणि फ्लॅप्स न उघडलेले असेल तेव्हा त्याच्या पंखांच्या टोकांपासून निघणारे भोवरे सर्वांत जोरदार असतात. ते मिनिटाला तीनशे ते पाचशे फूट खाली उतरतात आणि विमानाच्या मार्गाखाली पाचशे ते हजार फुटांवर रेंगाळतात. जेट विमाने क्लास बीच्या आतच राहतील अशी दक्षता नियंत्रक घेतात. त्यांचे भोवरे मात्र तळाशी थांबत नाहीत. शेल्फच्या तळाला खेटून, विमानांच्या उतरण्याच्या मार्गाखालून जाणाऱ्या छोट्या विमानाला निरभ्र, शांत हवेतही भोवरा एका कुशीवर फेकू शकतो. अशा वेळी एलेरॉन पूर्ण वळवूनही विमान काही क्षण ऐकत नाही.

आधी वेग

खळबळीत शिरण्याआधी वेग कमी करणे ही पहिली पायरी. प्रत्येक विमानाला मनूव्हरिंग स्पीड ठरवून दिलेला असतो. या वेगाला किंवा त्याखाली जोराचा झोत आला, तर पंख मोडण्याइतका भार येण्याआधी विमान क्षणभर स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल तुटते, आणि भार सुटतो. सेस्ना १७२ एसमध्ये पूर्ण भार असताना हा वेग १०५ नॉट आहे. विमान ८६२ किलोंपर्यंत हलके असेल तर तो ९० नॉटवर येतो. हलके विमान झोताने जास्त उसळते, म्हणून त्याचा सुरक्षित वेगही कमी. दोन माणसे घेऊन उडताना चार माणसांचा आकडा डोक्यात धरणे ही नेहमीची चूक आहे. उलट बाजूने स्टॉलपासूनही अंतर हवे. वेग फार खाली आणला, तर एखाद्या झोताने विमान पडू लागते.

या वेगाचे संरक्षण एका वेळी, एका अक्षावर, एकदाच पूर्ण नियंत्रण वळवण्यापुरते असते. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथे एअरबस ए-३०० विमान पुढच्या जम्बो जेटच्या भोवऱ्यात सापडले. वैमानिकाने रडर आलटून पालटून जोरात दाबल्याने शेपटीचा उभा भाग तुटला आणि २६५ माणसे मृत्युमुखी पडली. विमानाचा वेग तेव्हा मर्यादेच्या आतच होता. यानंतर अमेरिकेच्या नियामकांना या वेगाचा नेमका अर्थ नव्याने स्पष्ट करावा लागला. छोट्या विमानालाही तोच धडा लागू आहे : खळबळीत हात हलका ठेवावा आणि प्रत्येक धक्क्याला उत्तर देऊ नये.

वेग उतरवण्यासाठी फ्लॅप्स वापरू नयेत. सेस्ना १७२ एस फ्लॅप्स बंद असताना ३.८ ‘जी’पर्यंतचा भार घेऊ शकते, उघडे असताना ३. पंख शक्यतो समतल, नाक क्षितिजाच्या सवयीच्या जागी आणि थ्रॉटल एका मध्यम जागी, एवढे राखले की पुरते. उंची धरून ठेवणारा ऑटोपायलट जोरदार खळबळीत बंद करावा, कारण वर उचललेले विमान खाली आणण्यासाठी तो नाक दाबत राहतो आणि वेग वाढवतो. पट्टे आवळलेले असावेत, सुटे सामान बांधलेले असावे.

सीमेजवळचा पेच

वर सांगितलेल्या शिकवणीचे सार असे की, नाकाची स्थिती आणि वेग धरावा, उंची हवी तशी बदलू द्यावी. शेल्फखाली अडचण येते ती नेमकी येथेच. समजा, जमीन ५,५०० फुटांवर आणि शेल्फचा तळ ८,००० फुटांवर आहे. दाट वस्तीवर जवळच्या सर्वांत उंच अडथळ्याच्या हजार फूट वर राहणे बंधनकारक. म्हणजे वापरता येणारा पट्टा फार तर ६,५०० ते ८,००० फुटांचा. विमान ७,५०० फुटांवर आहे. मिनिटाला हजार फूट वर नेणारा झोत आला, तर तळाला टेकायला अर्धे मिनिट लागते. वैमानिकाने नाक दाबले तर वेग १०५ वरून १२९ नॉटच्या पिवळ्या पट्टीकडे धावतो. त्या पट्टीत फक्त शांत हवेतच उडण्याची मुभा असते. पुढच्याच क्षणी खाली ढकलणारा झोत आला, तर या वाढलेल्या वेगाचे ओझे थेट पंखांवर येते.

येथे क्रम ठरलेला आहे. प्रथम थ्रॉटल मागे घ्यावा आणि वेग वाढू न देता उतरू पाहावे. त्याच वेळी सीमेपासून दूर, तळ उंच असलेल्या बाजूला वळावे. आडवे अंतर मिळवणे उभे अंतर मिळवण्यापेक्षा बऱ्याचदा सोपे असते. तरीही विमान वर जात असेल, तर ते जाऊ द्यावे आणि लगेच नियंत्रकाला कळवावे. नियम मोडण्याच्या भीतीने विमान मोडण्याचा धोका पत्करू नये.

हा पेच मुळात निर्माणच होऊ नये, यासाठी तीन मार्ग आहेत. पहिला, खळबळीच्या दिवशी तळाखाली नेहमीपेक्षा जास्त अंतर सोडणे. जमीन परवानगी देत नसेल, तर मार्गच बदलणे. दुसरा, आधीच परवानगी मागून क्लास बीच्या आतून जाणे. परवानगी हातात असली आणि ठरावीक उंची नेमून दिलेली नसली, की पाचशे फुटांची चढउतार हा गुन्हा ठरत नाही. ठरवून दिलेली उंची राखणे कठीण जात असेल, तर उंचीचा पट्टा मागता येतो आणि वाहतूक विरळ असेल तर तो मिळतोही. तिसरा, वरून जाणे. डेन्व्हर येथे हा मार्ग बहुतेक कागदावरच राहतो : क्षेत्र १२,००० फुटांपर्यंत जाते, सेस्ना १७२ एसची चढण्याची कमाल मर्यादा १४,००० फूट आहे आणि १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ राहायचे तर वैमानिकाला ऑक्सिजन घ्यावा लागतो.

नियंत्रकाशी बोलणे

नियंत्रकाला पडद्यावर विमान दिसते. विमानातील धक्के दिसत नाहीत. ते सांगण्याची जबाबदारी वैमानिकाची. शेल्फजवळ पोचण्यापूर्वीच रडार माहितीसेवा मागून ठेवली, की गरज पडल्यावर नवी ओळख करून देण्यात वेळ जात नाही. संदेश छोटा असावा : विमानाचा क्रमांक, जागा, खळबळीची तीव्रता आणि नेमकी मागणी. दिलेली दिशा किंवा उंची पाळणे शक्य नसेल, तर ‘अनेबल’ हा एक शब्द पुरतो. कारण नंतर सांगता येते. हा शब्द उच्चारायला नवशिके वैमानिक कचरतात आणि नियंत्रकाला खूश ठेवण्याच्या नादात नको त्या ढगाखाली जातात.

कायदा या बाबतीत वैमानिकाच्या बाजूने आहे. अमेरिकेच्या हवाई नियमांतील कलम ९१.३ नुसार तातडीच्या कृतीची गरज असलेल्या आणीबाणीत मुख्य वैमानिक आवश्यक तेवढे नियम बाजूला ठेवू शकतो. कलम ९१.१२३ नुसार नियंत्रकाच्या आदेशापासून असे विचलन झाले, तर ते शक्य तितक्या लवकर कळवावे लागते. अनवधानाने सीमा ओलांडली गेली, तर ‘नासा’कडे गोपनीय अहवाल देण्याची व्यवस्था १९७६ पासून आहे. घटनेनंतर दहा दिवसांत अहवाल दिला आणि ती कृती हेतुपुरस्सर, गुन्हेगारी स्वरूपाची किंवा अपघाताची नसेल, तर इतर अटींच्या अधीन राहून दंड माफ होतो. मात्र हवामानाचा स्पष्ट इशारा असतानाही तळाला खेटून जाण्याचा बेत आखणाऱ्याला ‘अचानक झोत आला’ ही सबब फारशी तारत नाही.

टॉवरच्या हद्दीत उतरताना

झोतांच्या वाऱ्यात उतरताना उतरण्याच्या वेगात झोताच्या फरकाचा निम्मा भाग मिळवतात. वारा १५ नॉट आणि झोत २७ नॉट असेल, तर फरक १२; म्हणून वेग ६ नॉटने जास्त. सेस्ना १७२ एसने चाचणीत १५ नॉटचा आडवा वारा झेलून दाखवला आहे. त्याहून जास्त असेल, तर दुसरी धावपट्टी किंवा दुसरा विमानतळ मागावा. जेटच्या मागे उतरायचे असेल, तर त्याच्या उतरण्याच्या रेषेच्या वर राहून त्याची चाके टेकली त्याच्या पुढे टेकावे; जेटच्या मागे उडायचे असेल, तर त्याने जमीन सोडली त्याच्या अलीकडेच जमीन सोडावी आणि त्याच्या मार्गापासून वाऱ्याकडील बाजूला सरकावे. पुढचे विमान दिसत असल्याचे सांगून त्याच्यामागे जाण्याची सूचना स्वीकारली, की भोवऱ्यांपासून अंतर राखण्याची जबाबदारी वैमानिकावर येते.

अंदाज आणि अहवाल

उड्डाणापूर्वी डोंगरमाथ्याच्या उंचीवरील वारा, तापमान आणि दवबिंदूतील फरक, खळबळीचे इशारे आणि इतर वैमानिकांचे अहवाल पाहिले, की दिवसाचा बराचसा अंदाज येतो. अहवालांची भाषा ठरलेली आहे. सौम्य खळबळीत विमान किंचित डोलते. मध्यम खळबळीत उंची आणि स्थिती बदलते, पण ताबा राहतो. तीव्र खळबळीत ताबा क्षणभर सुटतो. अतितीव्र खळबळीत विमान आवरणे जवळजवळ अशक्य होते आणि त्याची मोडतोड होऊ शकते. अहवालात जागा, वेळ, उंची आणि विमानाचा प्रकार हवाच. बोइंगने ‘सौम्य’ म्हटलेली हवा सेस्नाला मध्यम किंवा तीव्र वाटू शकते. हवा शांत असल्याचा अहवालही तितकाच उपयोगी, कारण मागून येणाऱ्याला त्यावरून उंची निवडता येते.

भारतातील संदर्भ

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण लागते. महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थी ते अमेरिकेत पूर्ण करतात आणि तेथेच त्यांची या शेल्फशी पहिली गाठ पडते. परतल्यावर नियमांची चौकट बदलते, हवा मात्र तसाच स्वभाव दाखवते. जुहूची धावपट्टी मुंबईच्या मुख्य विमानतळाच्या अगदी शेजारी असल्याने तेथील प्रत्येक हालचाल मोठ्या वाहतुकीशी जुळवून घ्यावी लागते. पुण्याचे लोहगाव हे हवाई दलाचे विमानतळ आहे. सह्याद्रीचा पश्चिमेकडील उभा कडा पावसाळी वाऱ्याला आडवा येतो, तर देशावर एप्रिल-मेच्या दुपारी उष्णतेचे स्तंभ उंचच उंच जातात. बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणी शिकणाऱ्यांनाही म्हणूनच सकाळची उड्डाणे मानवतात.

या सगळ्याचा निष्कर्ष सरळ आहे. खळबळीत वेग पहिला, विमानाची स्थिती दुसरी, उंची तिसरी आणि सीमारेषा त्यानंतर. हा क्रम हवेत बदलता येत नाही. म्हणून सीमारेषेसाठी लागणारे अंतर जमिनीवर, नकाशा समोर असतानाच राखून ठेवावे. तेवढे अंतर मिळत नसेल, तर परवानगी मागावी, मार्ग बदलावा किंवा त्या दिवशी उडू नये.